पट्टीखालचं नाव

४ ऑगस्ट

प्रिय टाचणी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. पण आठ वर्षांनी मी तुला ‘आदरणीय’ वगैरे लिहायला लागले तर तू आधी हसशील आणि मग पत्र फाडशील. त्यापेक्षा न हसता फाडलेलं बरं. फोन तू उचलत नाहीस, मेल परत येते, म्हणून कागद. तुझा पत्ता यांच्याकडून घेतला. देताना यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त घराचा नंबर दोनदा तपासला.

आधी कामाचं सांगते. सगळ्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदी एकत्र जोडायचं जे मोठं काम निघालंय, त्याच्या प्रमुखपदासाठी तू अर्ज केलास. हे मला निवड समितीकडून कळलं. त्यांच्या सचिवबाईंचं पत्र आलंय. यादीत तू पहिली आहेस, पण एक गोष्ट अडली आहे म्हणतात.

माझं ‘एक जानेवारी’ हे व्याख्यान आपल्या डेटाबेसवाल्यांच्या शनिवार मंडळाच्या साइटवर आहे, ते समितीतल्या कोणीतरी उतरवून घेतलं. त्यातल्या सतराव्या स्लाईडवर सर्व्हरच्या लॉगमधली एक ओळ आहे. कोणाच्या लॉगिनने काम झालं ते दिसू नये म्हणून मी त्यावर एक काळी पट्टी ठेवली होती. ठेवली होती, टाचणी, पुसलं नव्हतं काहीच. फाईल उघडायची, माउसने पट्टी बाजूला ओढायची, की खाली तुझं नाव.

झाकणं म्हणजे पुसणं नव्हे, हे नव्याने कामाला लागलेल्यांना मीच पहिल्या आठवड्यात शिकवते. काल साइटवर आकडा बघितला. आठ वर्षांत नऊ हजारांवर लोकांनी ती फाईल उतरवून घेतली आहे. त्यातल्या किती जणांनी पट्टी ओढून बघितली असेल, याचा हिशोब मी कालपासून करतेय आणि मधेच सोडून देतेय.

समितीला माझं लेखी मत हवंय. ‘रुग्णालयांच्या त्या प्रकरणात सदर उमेदवाराची जबाबदारी किती होती, हे मंडळाच्या संस्थापक आणि त्या वेळच्या वरिष्ठ म्हणून कळवावे.’ मुदत दहा सप्टेंबर. ते आल्याशिवाय निर्णय नाही.

मी काय लिहू ते तू सांग. ती चूक आम्हा सगळ्यांचीच होती, असं मोघम लिहिता येईल. अशा पत्रांमध्ये माझा हात बसलेला आहे, वेळ मारून नेता येईल. तू म्हणशील तसं लिहीन.

मंडळाची दोनशेवी बैठक सात सप्टेंबरला आहे. तीच वाचनालयाची वरची खोली, तोच पहिला शनिवार, दुपारी चार. आपण दोघी जावा आणि तीन रिकाम्या खुर्च्या, अशी सुरू केलेली बैठक. आता लोक जिन्यात उभे राहतात. भिंतीवर तुझ्या अक्षरातला पुठ्ठा अजून आहे: ‘स्वतःची चूक सांगा. दुसऱ्याची सांगायची असेल तर घरी जा.’ दोनशेव्या बैठकीला ते माझा सत्कार करणार आहेत आणि मला तेच व्याख्यान पुन्हा द्यायला सांगितलंय.

सासूबाईंचं खुब्याचं दुखणं वाढलंय. तुझी चौकशी करतात. मला नाही, यांना विचारतात.

थोरली


१४ ऑगस्ट

टाचणी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही.

समितीला सगळं क्रमाने लिहावं लागेल, म्हणून आधी तुला लिहून बघते. कुठे चुकलं तर सांग. तुझ्याइतकं बारीक वाचणारं दुसरं कोणी मला मिळालं नाही. नुसती बारीक होतीस म्हणून तुला टाचणी म्हणत नव्हतो, टोचायचीसही नेमकं तिथेच.

नदीच्या दोन काठांवरची दोन रुग्णालयं. दोघांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आणायच्या होत्या. नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, हे तिन्ही जुळलं की माणूस एकच, असा नियम मी केला होता आणि मला तो फार शहाणपणाचा वाटत होता. मग एका संध्याकाळी तू सासूबाईंचं कार्ड कपाटात शोधत होतीस. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी. तू विचारलंस, “तुमचा वाढदिवस एक जानेवारीला असतो? मग आपण कधी करत का नाही?”

सासूबाई म्हणाल्या, “माझा जन्म झाला तेव्हा कोणाच्या हातात पेन नव्हतं गं. कार्ड काढणाऱ्याने विचारलं, मी म्हटलं, तुला वाटेल ते लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचायच्या आधी तू मोजून ठेवलं होतंस. दोन्ही रुग्णालयांत एक जानेवारीला जन्मलेले लोक इतर कुठल्याही दिवसापेक्षा चाळीसपट. सगळे म्हातारे, आणि बहुतेक बायका. ज्यांची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, त्यांची कारकुनाने टाकलेली तारीख. नाव सारखं, वयाचा अंदाज सारखा, की दोन बायकांची आपण एक बाई करणार होतो.

तू तपासणी लिहिलीस. एक जानेवारीवाले आपोआप जोडायचे नाहीत. बाजूला काढायचे आणि माणसाने पत्ता, फोन, जवळचा नातेवाईक बघून ठरवायचं. ती यादी अकरा हजार चारशे सहा जणांची झाली. एकेका नावाला दोन मिनिटं धरली तरी आपण चार माणसं, त्यात एक रजेवर, आणि हातात नऊ दिवस. सोमवारी दोन्ही रुग्णालयांत संगणकावरचा नवा पडदा उघडायचा होता आणि संचालकसाहेब रोज फोन करून विचारत होते की बायकांच्या वाढदिवसांवर काम का अडलंय.

रविवारी दुपारी दोन चाळीसला सगळ्या नोंदींची भरणी झाली. त्या भरणीपुरती ती तपासणी तात्पुरती बंद ठेवली गेली.

एकोणिसाव्या दिवशी एका आजींना ताप म्हणून इंजेक्शन दिलं. ते औषध त्यांना चालत नव्हतं. नदीपलीकडच्या त्यांच्या जुन्या नोंदीत तसं लाल अक्षरात होतं. पण त्यांच्याच नावाच्या, एक जानेवारीच्याच दुसऱ्या बाईंची नोंद जास्त ताजी होती, तिच्यात ‘काही नाही’ होतं, आणि आपल्या नियमाने ताजी नोंद जिंकली. त्यांचा श्वास थांबला. अकरा दिवस त्या यंत्रावर होत्या. वाचल्या, पण आवाज बसला तो बसलाच. मी त्यांना बघायला एकदा गेले होते. वॉर्डच्या दारातून परत आले.

लॉगमध्ये तुझं लॉगिन निघालं. पुढचं तुला माहीत आहे.

एवढं सगळं बरोबर आहे ना?

थोरली


२५ ऑगस्ट

टाचणी,

मागचं पत्र पाकिटात घालण्याआधी मी यांना वाचायला दिलं होतं. तारखा तपासायला म्हणून. यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं, “ठीक आहे” म्हणाले आणि टाकून आले. चहा झाला. कप विसळता विसळता म्हणाले, “तपासणी बंद ठेवली गेली, असं लिहिलंयस. कोणी ठेवली?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय त्यातलं कळतं?”

“मला त्यातलं कळत नाही. म्हणून विचारतो.”

मग हे म्हणाले की त्याच वर्षी, तुम्ही दोघं गाव सोडून गेलात त्या आठवड्यात, भाऊजींनी यांना सगळं सांगितलं होतं. त्या रविवारी घरी राहायची पाळी तुझी होती. दोन चाळीसला तू सासूबाईंची नखं कापत बसली होतीस. लॉगमधला मशीनचा नंबर तू पहिल्याच दिवशी वाचला होतास. खिडकीजवळचं टेबल, मशीन चार. माझं मशीन.

“आठ वर्षं तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो,” हे म्हणाले. “नंतर थांबायची सवय झाली.”

तर आता लिहिते. तपासणी मी बंद केली. माझा पासवर्ड शुक्रवारी संपला होता आणि तो नवा करून देणारा माणूस रविवारी नव्हता. तुझा मला तोंडपाठ होता, कारण महिन्यापूर्वी अडल्यावेळी तूच तो फोनवर सांगितला होतास. आपल्या खोलीत सगळेच एकमेकांचे पासवर्ड वापरायचे, एका घरात एकमेकांच्या चपला घालतात तसे. मी तुझ्या लॉगिनने आत गेले, तपासणीपुढे ‘नाही’ लिहिलं, भरणी चालवली, आणि सव्वातीनला घरी येऊन तू केलेला चहा प्यायले. तू विचारलंस, “झालं का जाऊबाई?” मी म्हटलं, “झालं.”

चौकशीचे दोन साहेब आले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी तुला विचारलं, “हे लॉगिन तुमचं?” तू म्हणालीस, “माझं.” त्यांनी विचारलं, “हे काम तुम्ही केलंत?” तू म्हणालीस, “लॉगिन माझं आहे. पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नसतो, तो मी सांगितला. ही माझी चूक.” कोणाला सांगितला, असं त्यांनी तीनदा विचारलं. तू पुन्हा तेच वाक्य म्हणालीस. मी मूग गिळून बसले होते. मला वाटलं, हिला मला तोंडघशी पाडायचं नाही, ही मला वाचवतेय. बरं वाटलं मला. हे लिहायला मला फार जड जातंय, पण त्या वेळी मला बरं वाटलं.

आता कळतं, तू मला वाचवत नव्हतीस. तू भिंतीवरच्या पुठ्ठ्याप्रमाणे वागत होतीस. तुझी चूक तू सांगितलीस. माझी माझ्यासाठी ठेवलीस.

पुढच्या पहिल्या शनिवारी तू मंडळात आलीस. नोकरी गेलेली, तरी आलीस, शेवटच्या बाकावर वही उघडून बसलीस. मी ‘एक जानेवारी’ पहिल्यांदा सांगितलं ते त्या दिवशी. “आमच्या एका सहकाऱ्याच्या हातून...” अशी सुरुवात केली. तू पेनाला टोपण लावलंस आणि उठून गेलीस. मी इतकी वर्षं समजत होते की शरमेने गेलीस. तू वाट बघत होतीस, हो ना? तू त्या बाकावर माझी वाट बघत होतीस.

आज दुपारी सासूबाईंना उठवून बसवताना मी विचारलं, त्या रविवारचं आठवतं का. त्या म्हणाल्या, “माझी नखं कापत होती ती. एक अंगठा राहिला होता तेवढ्यात तू आलीस. मला तेव्हा कोणी विचारलंच नाही.”

आता त्यांची नखं मी कापते. तुझ्यासारखी जमत नाहीत. त्या हात मागे घेतात.

थोरली


३ सप्टेंबर

टाचणी,

आठवडाभर समितीच्या पत्राचे मसुदे करतेय. पहिल्या मसुद्यात ‘सामूहिक जबाबदारी’ होती. दुसऱ्यात ‘त्या काळची कार्यपद्धती’. तिसऱ्यात मी तुझी इतकी स्तुती केली होती की कोणालाही शंका यावी. चौथा लिहिता लिहिता टेबलावर डोकं ठेवून झोपले, भर दुपारी, ऑफिसात. मला हल्ली कुठेही झोप लागते आणि अंथरुणावर लागत नाही.

भीती कशाची, ते सरळच सांगते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. या गावात, आणि आपल्या धंद्यात बाहेरच्या गावांतही, लोक मला एका व्याख्यानामुळे ओळखतात. नवी मुलं कामाला लागली की त्यांना आधी तेच दाखवतात. त्यामुळे कुठे कुठे लोकांनी एक जानेवारीवाले मोजले, बाजूला काढले, तपासले. एका बाईंनी मला कळवलं होतं की त्यांच्याकडे त्यामुळे तीनशे चुकीच्या जोड्या वेळेवर सापडल्या. हे सगळं खरं झालंय. मी स्वतःला हेच सांगत आले की चूक कोणाची हे सोडा, शिकायला तर मिळालं ना सगळ्यांना. आठ वर्षं हे वाक्य मला पुरलं. या महिन्यात पुरेना.

त्या वेळी का बोलले नाही? तू तरुण आहेस, तुला दुसरीकडे काम मिळेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. तुझ्या वतीने ठरवलं. तुला पुढे एका शाळेत याद्या करायचं काम मिळालं आणि तू ते आठ वर्षं केलंस, हे मला यांच्याकडून आत्ता कळतंय. जिने सासूबाईंच्या कार्डावरून ती तपासणी काढली, ती बाई शाळेत हजेरीच्या याद्या करत होती आणि मी गावोगाव तिचं डोकं माझ्या नावावर खपवत होते.

पत्र काल पाठवलं. नक्कल तुझ्यासाठी:

‘सदर उमेदवाराने तपासणी बंद केली नाही. ती मी केली, तिच्या लॉगिनने, तिला न विचारता. त्या वेळी ती घरी होती. आपल्याकडे असलेल्या सतराव्या स्लाईडवरच पुरावा आहे. काळी पट्टी दुसऱ्या रकान्यावर आहे. तिसरा रकाना उघडा आहे, त्यात मशीनचा नंबर आहे. ते माझं मशीन. एक जानेवारीची तपासणी मुळात उमेदवाराची आहे, माझी नाही. हे पत्र माझ्या कार्यालयालाही पाठवत आहे.’

मोजून बघ, स्तुतीचं एकही विशेषण नाही. लिहायला वीस मिनिटं लागली. टाकायला तीन तास.

नऊ हजार लोकांसमोर तो तिसरा रकाना उघडा होता, टाचणी. एकानेही विचारलं नाही की लॉगिन एकाचं आणि मशीन दुसऱ्याचं कसं. मी त्यांना काय शिकवत होते कोण जाणे.

शनिवारी बैठक आहे. तू ये असं म्हणायचं धाडस नाही. जायचं माझंही नाही, पण जाईन.

थोरली


८ सप्टेंबर

टाचणी,

काल झालं ते जसं झालं तसं सांगते.

खोली भरली होती, जिन्यात सुद्धा माणसं. इंडेक्सकाका अध्यक्ष. तुला आठवतात ना, कोणी काहीही सांगितलं तरी पहिला प्रश्न, “इंडेक्स लावला होता का?” आता पंचाहत्तरीचे झालेत, काठी घेऊन येतात आणि तो प्रश्न अजून विचारतात. टेबलावर माझ्यासाठी फ्रेममधलं मानपत्र होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘चुकांतून शिकायला शिकवणाऱ्या’. मला हसू आलं.

मी नेहमीसारखी सुरुवात केली नाही. सतरावी स्लाईड लावली आणि म्हटलं, आज हिच्यापासून सुरू करू. मग माउसने पट्टी धरली आणि बाजूला ओढली. तुझं नाव पडद्यावर आलं. मागून कोणीतरी ‘अरे’ म्हणालं. मी म्हटलं, हे नाव वाचू नका, त्याच्या पुढचा रकाना वाचा. वाचला सगळ्यांनी. मी म्हटलं, हे माझं मशीन.

मग अठरावी स्लाईड, नवीन केलेली. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘पहिल्या भरणीसाठी एक जानेवारीची तपासणी मी तात्पुरती बंद केली. लॉगिन माझ्या जावेचं होतं, ती त्या वेळी घरी होती.’ मी त्या वाचून दाखवल्या. आजींचं सांगितलं. चौकशीच्या वेळी शेजारच्या खोलीत बसले होते ते सांगितलं. आवाज एकदाच फाटला, तुझ्या वहीच्या ठिकाणी.

मी इंडेक्सकाकांकडे बघत होते, की आता ते विचारतील. ते काठीच्या मुठीकडे बघत बसले होते. त्यांनी विचारलं नाही, तेव्हा मला कळलं की काय झालंय.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. “मग आठ वर्षं आम्ही आमच्या लोकांना जे शिकवलं, ते काय?”

मी म्हटलं, “तपासणी खरी आहे. तशीच शिकवा. ती टाचणीची आहे. त्यात माझं फक्त बंद करणं आहे.”

“टाचणी कोण?” त्यांनी विचारलं.

दोनशे बैठका झाल्या आणि त्या खोलीत तुला ओळखणारी तीन-चार माणसं उरलीत. मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, ते अक्षर तिचं.

काही जण न बोलता गेले. एकाने माझ्याशी हात मिळवला, ते त्याहून वाईट वाटलं. मानपत्राचं काय करायचं हे कोणाला समजेना. शेवटी इंडेक्सकाकांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि जिना उतरताना माझा हात धरला. माझ्या आधारासाठी की त्यांच्या, ते मला कळलं नाही. खाली आल्यावर म्हणाले, “ती पोरगी शेवटच्या बाकावरून उठून गेली, तेव्हा मी दाराशी होतो. मी विचारायला हवं होतं. मी इंडेक्सचंच विचारत बसलो.”

नवी फाईल रात्रीच्या आत साइटवर टाकली, पट्टीशिवाय. तुझं नाव आता उघडं आहे, पहिल्या पानावर, ‘तपासणी लिहिणारी’ म्हणून. तुला नको असेल तर कळव.

मला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही नाही. नुसतं दमायला झालंय. जेवून भांडी तशीच ठेवली आणि पडले.

थोरली


१६ सप्टेंबर

टाचणी,

तुझी निवड झाल्याचं काल यांना भाऊजींच्या फोनवरून कळलं. हे आतल्या खोलीत गेले आणि सासूबाईंना मोठ्याने सांगितलं, म्हणजे मला ऐकू यावं. सासूबाई म्हणाल्या, “मग आता तरी नखं कापायला ये म्हणावं.” निरोप दिला.

मला ऑफिसने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. त्याबद्दल तक्रार नाही. सकाळी उठून डबा भरायचा नाही, हे लक्षात यायला मला रोज अर्धा तास लागतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आज सकाळी साइटवरची दुरुस्ती वही उघडली. तूच सुरू केलेली ती वही. व्याख्यान झालं की ज्याला चूक दिसेल त्याने स्लाईडचा नंबर आणि चूक लिहायची, आभार आणि कौतुक लिहायचं नाही. नव्या फाईलखाली एकच नोंद होती. नाव तुझं. आठ वर्षांत तुझ्याकडून आलेले पहिले शब्द.

‘स्लाईड १८, ओळ १. “तात्पुरती” हा शब्द चुकीचा आहे. काढावा.’

मला आधी रागच आला. सगळं गमावून भर सभेत सांगितलं, आणि हिला एक शब्द खुपतोय. तासभर घरात तणतणत फिरले. मग माळ्यावरून त्या वर्षाची डायरी काढली. मला तो शब्द खरा करून दाखवायचा होता. त्या सोमवारच्या पानावर माझ्या अक्षरात कामांची यादी आहे. चौदा कामं. प्रिंटरची शाई सुद्धा आहे. ‘तपासणी परत सुरू करणे’ नाही. मंगळवारी नाही. त्या आठवड्यात नाही. एकोणिसाव्या दिवसापर्यंत एकाही पानावर नाही.

मी काहीही तात्पुरतं करते तेव्हा ते परत कधी करायचं याची तारीख टाकते. तूच हसायचीस त्यावरून. इथे तारीख नाही, कारण परत सुरू करायचंच नव्हतं. रविवारी ‘नाही’ लिहिताना मला माहीत होतं की त्या अकरा हजार चारशे सहा जणांकडे आता कोणीही बघणार नाही. मी विसरले नव्हते. त्यांना बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मग तो शब्द मी इतक्या वेळा वापरला, तुला लिहिलेल्या पत्रातही, की मलाच तो खरा वाटायला लागला.

काळी पट्टी मी काढली खरी, त्याखाली अजून एक होती. ती तुलाच दिसली.

शब्द काढला. ओळ आता अशी आहे: ‘पहिल्या भरणीसाठी एक जानेवारीची तपासणी मी बंद केली.’ फाईल पुन्हा टाकली. दुरुस्ती वहीत आभार लिहायचे नाहीत, हा तुझा नियम पाळला. तुझ्या नोंदीपुढे ‘मान्य’ एवढंच लिहिलं, आणि खाली माझं नाव. माझ्याच लॉगिनने.

थोरली